खुंटीवरचा स्वेटर

नवरा गेल्यापासून म्हातारी दगडासारखी एका जागी विणत बसायची. म्हणून लेकीनं तिला उत्तरेकडच्या बर्फाळ शहरात फिरायला न्यायचं ठरवलं आणि लॅपटॉपवर भाड्याची घरं दाखवायला घेतली.

पहिल्या घराच्या फोटोत खुंटीवर नवऱ्याचा करडा स्वेटर होता. डावी बाही चार बोटं लांब, तिच्याच हातची चूक. तो तर त्यांच्यासोबतच जाळला होता.

"कपडे टांगून फोटो काढतात मेले! दुसरं दाखव."

"कुठले कपडे? खुंटी रिकामी आहे, आई. चष्मा बदल."

दुसऱ्या घरातही तोच स्वेटर होता. तिसऱ्यात दोन होते. करड्याशेजारी लाल, बायकी, पुरा विणलेला.

तिनं मांडीवरच्या लाल लोकरीकडे पाहिलं. डावी बाही अजून विणायची होती.

"हेच घे," ती म्हणाली, आणि बाही चार बोटं लांब मोजली.