भोंग्याच्या आधी

"दार लावलंय ना?" सुयश सरांनी फोनवर विचारलं.

सुवर्णाने उठून कडी पुन्हा पाहिली. सातपूरच्या त्या कारखान्याची ती नवी प्लांट हेड. सहा महिने चाचणीचे, त्यातला हा शेवटचा आठवडा. खुर्ची शेठनी दिली होती. खुर्चीत टिकायचं कसं हे शिकवायला सुयश सर हे कोचही त्यांनीच नेमले होते. फी कंपनीची, गुपितं सुवर्णाची. एवढा स्वस्त सौदा कोण सोडेल?

सर दर बुधवारी पुण्याहून फोन करत. गोड, सावकाश बोलत. शिस्तीचे मात्र इतके, की संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत फोन ठेवणार म्हणजे ठेवणार. तेही बरंच होतं. भोंगा बसवलेला शेठच्या केबिनच्या डोक्यावर, गच्चीत. दमेकऱ्यासारखा मध्येच अडकायचा आणि मग दुप्पट ओरडायचा. त्यात बोलणं कुठलं व्हायला?

"आवाज कापतोय तुमचा," सर म्हणाले.

"देवराम," ती कुजबुजली. "हल्ली सारखा दाराशी घुटमळतो."

तेवढ्यात दार वाजलं.

तिने फोन टेबलावर पालथा घातला आणि दार फटीएवढं उघडलं. प्रेस शॉपचा म्हातारा सुपरवायझर देवरामच कागद घेऊन उभा होता.

"सही पायजे होती, मॅडम."

"नंतर."

"बरं. चहा तरी आला का तुम्हाला? दर बुधवारी शेठकडं पाव्हणा असतो, सगळी किटली वरच जाते. आम्ही बसतो वास घेत." तो हसला, मग थांबला. "लय उतरलाय चेहरा. जेवला का?"

तिने दार लोटलं. फोन पुन्हा उचलला.

"त्याला कळलंय, सर. नाहीतर इतकं गोड कशाला बोलेल?"

"काय कळलंय?"

सरांनी घाई केली नाही. ते कधीच करत नसत.

"मनात भीती ठेवून माणसं सांभाळता येत नाहीत, मॅडम. बोला. इथलं इथेच राहतं."

मग बांध फुटला. "तो अख्खा लॉट भंगारात गेला ना... ड्रॉइंग मीच न वाचता पास केलं होतं. शेठना सांगितलं, देवरामने सेटिंग चुकवलं. शनिवारी त्याला काढताहेत. तसं त्याला अजून कोणी सांगितलेलंही नाही."

ती रडत राहिली. सर ऐकत राहिले. आज त्यांनाही घड्याळाचं भान राहिलं नसावं.

"शेठना कळलं तर मी संपले, सर."

"मी नाही सांगणार त्यांना," सर अगदी हळू म्हणाले. "शब्द देतो."

सहा महिन्यांत पहिल्यांदा तिची छाती हलकी झाली. तिने डोळे पुसले, फोन कानाशी नीट धरला. खिडकीबाहेर भोंगा सुरू झाला, नेहमीसारखा मध्येच अडकला.

फोनमध्येही अडकला. फोनमधला जास्त मोठा होता.