दर पंधरा मिनिटांनी

सुनेने तिसऱ्यांदा किल्ली मागितल्यावर जयरामने मागच्या खोलीचं कुलूप काढलं. बायको, भागी, गेल्यापासून चार महिने ती त्याच्याच खिशात होती.

आत अंधार होता. खिडकीला अजून द्राक्षाच्या पेट्यांचे पुठ्ठे चिकटवलेले होते. त्याने बटण दाबलं. भागीच्या अंगदुखीवर उपचार म्हणून भिंतीवर लावलेली दिव्यांची पट्टी हिरवी पेटली.

"बस इथं. भागी इथंच बसायची."

तेजल खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसली. वर्षभर तिचं सगळं अंग ठणकत होतं, मानेपासून तळपायापर्यंत.

"तुमचे चिरंजीव म्हणतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, नाटकं आहेत माझी."

"मी बी भागीला हेच म्हणायचो. सात वर्षं." त्याने खुर्ची जरा पट्टीकडे सरकवून दिली. "दोन तास बसायचं. डोळे उघडे ठेवायचे, झोपायचं नाय. समोर घड्याळ हाय. दर पंधरा मिनिटांनी मी बाहेरून विचारीन."

"आईंना खरंच फरक पडला होता?"

"शेवटच्या महिन्यात भाकरी थापायला लागली व्हती."

दार ओढून घेऊन तो बाहेर स्टुलावर बसला. दुपारचे तीन वाजले होते. दाराखालून हिरव्या उजेडाची रेघ त्याच्या पायापर्यंत आली.

सव्वातीनला त्याने दारावर टकटक केली. "जागी हाय ना?"

"जागी आहे, मामा."

साडेतीनला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. पावणेचारला त्याने हात उचलला आणि तसाच धरला.

"तेजल," तो दाराशी तोंड नेऊन म्हणाला, "मी सगळ्यांना सांगतो ना, भागी शेवटपर्यंत मला उत्तर देत व्हती?"

"हो."

"खोटं हाय ते. अटॅक आला त्या दिवशी मी विचारलंच नाय. रोज उत्तर यायचंच. म्हणलं, आज काय विचारायचं. ओट्यावर शेजारच्या रावजीबरोबर गप्पा मारत बसलो. पाचला येऊन दार उघडलं."

त्याने दाराखालच्या रेघेकडे पाहिलं.

"डोळे उघडेच व्हते तिचे," तो म्हणाला. "मला वाटलं, जागी हाय."

आतून काहीच आवाज आला नाही. त्याने पाय मागे घेतले. उजेडाची रेघ स्टुलापाशी थांबली. त्याचा हात अजून वरच होता. दारापर्यंत जात नव्हता.

मग खुर्ची करकरली.

"मामा," तेजल म्हणाली, "पावणेचार होऊन गेले. विचारा."