आईचा शॉट

बाबांनी मोबाइल टीव्हीला जोडला आणि सगळ्यांना समोर बसायला सांगितलं, तेव्हाच मोठीने ओळखलं, आता काय लागणार ते. सुट्टीत घरात बसून कंटाळलेल्या दोघा बहीणभावांनी केलेला विनोदी सिनेमा तो. खर्च म्हणाल तर एका स्केचपेनाचा. तो बाबा बघतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण धाकट्याने शेखी मिरवत तो मामाला पाठवला, आणि मामाने कौतुकाने थेट बाबांना.

सिनेमाचे नायक बाबाच होते, फक्त नाव घेतलेलं नव्हतं. त्यांचा शर्ट, पोटावर बांधलेली उशी आणि स्केचपेनाच्या मिशा अशा थाटात धाकटा दारातून खाकरत यायचा, की घरातली माणसं सैरावैरा पळत सुटायची. कुणी पलंगाखाली, कुणी कपाटात. ही सगळी माणसं म्हणजे एकटी मोठीच, टोप्या बदलून बदलून.

पडद्यावर धाकटा खाकरला. इकडे खरा धाकटा जीव मुठीत धरून बसला होता. शर्ट बाबांनी ओळखला असणारच, आणि मार त्यालाच बसणार हेही ठरलेलं. मोठी हळूच सरकून बाबा आणि धाकटा यांच्या मध्ये बसली.

आणि बाबा हसले. चक्क मोठ्याने हसले. नक्कल बरी जमलीय, असंही म्हणाले. धाकट्याच्या जिवात जीव आला. मोठीच्या मात्र येईना, कारण आता आईचा शॉट येणार होता.

त्या दिवशी शूटिंग चाललंय हे आईला सांगायचं राहूनच गेलं होतं. मोबाइल स्वयंपाकघरात फळीवर टेकवून ठेवलेला. धाकट्याने बाहेरून कुलपात किल्ली फिरवली, खाकरला, आणि मासिक वाचत गुणगुणत बसलेली आई ताडकन उठली. गाणं अर्ध्यावरच तोडलं, मासिक डब्यांमागे सारलं, केस सारखे केले आणि भिंतीला टेकून दाराकडे बघत उभी राहिली.

सिनेमाचे तुकडे जोडताना मोठी या शॉटला हसून हसून लोळली होती. मामानेही हसरे चेहरे पाठवले होते ते यालाच. आता एवढ्या मोठ्या पडद्यावर बघताना तिला हसू येईना. आईचे हात थरथरत होते. मोबाइलवर ते दिसलं नव्हतं.

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी शॉट मागे नेला आणि पुन्हा पाहिला. मग आईकडे वळून शांतपणे विचारलं, "यात तूही काम केलंयस?"

हो म्हटलं की सगळं निभावणार होतं. मोठीने डोळ्यांनी तशी खूणही केली. आईने ती पाहिली.

"नाही," आई म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच आलात."