कार्डाची मागची बाजू

"ताई, दार उघड ना गं! ताई!"

बत्तीस वर्षं झाली त्या हाकेला. आज कार्डावर तो शब्द आला आणि हाक पुन्हा कोशकार बाईंच्या कानाशी येऊन उभी राहिली.

शब्द इंग्रजी. बॅटर. क्रियापद. बाईंनी आधी कूळ लिहिलं: मारणे या अर्थाने लॅटिनमध्ये जन्मला, जुन्या फ्रेंचमध्ये वाढला, इंग्रजीत नांदायला आला. मग अर्थ. पुन्हापुन्हा मारणे, बदडणे. मारून खिळखिळे करणे. दारावर धडाधड मारत राहणे. इथवर हात सरसर चालला. उदाहरणापाशी अडला. शेवटी त्यांनी लिहून टाकलं: 'शिपायांनी चोराला बदडले.'

संपादकांनी कार्ड वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हे वाक्य जन्मात कुणी बोललेलं नाही. नव्या कापडासारखं कडक आहे. आपला नियम काय?"

नियम बाईंना पाठ होता. उदाहरण मनचं नको. कुणाच्या तरी कानावरून गेलेलं, डोळ्यांसमोर घडलेलं हवं. आणि कार्डाच्या मागच्या बाजूला साक्षीदाराचं नाव.

बाई जागेवर परतल्या. खिडकीपाशी टेबल, टेबलावर एकच कप. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. पुढचं सगळं धाकट्या बहिणीने ठरवून टाकलं होतं. "पुरे झाला हट्ट. माझ्याकडे राहायला ये. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे चष्मे शोधत बसू." आज दुपारी ती उत्तरासाठी फोन करणार होती. बत्तीस वर्षांत बाई तिच्याकडे एकदाही मुक्कामाला राहिल्या नव्हत्या. सकाळी जायचं, दिवेलागणीआधी निघायचं. घरी येऊन आपलं कुलूप आपणच उघडायचं. शेजारणी म्हणत, बाई एकलकोंडी.

धाकटीने कधी राग धरला नाही. नवऱ्याचा मार चुकवून ती ज्या दुपारी माहेरी धावली, त्या दुपारची गोष्ट ती आल्यागेल्याला सांगे. "दार ठोकून ठोकून हात सुजले. पण ताई नेमकी बाजारात गेलेली! परत त्याच्याच घरी जावं लागलं, आणि संध्याकाळी डावा कान गेला. ताई घरात असती ना, तर मला पोटाशी धरलं असतं तिने." एवढं बोलून बाईंच्या पाठीवरून हात फिरवी. तो हात बाईंना सोसत नसे.

बाईंनी नवं कार्ड घेतलं. बराच वेळ ते तसंच राहिलं. मग एका दमात लिहिलं आणि संपादकांच्या पुढ्यात ठेवलं.

'ती दोन्ही मुठींनी दार बडवत राहिली. मग हळूच म्हणाली, असू दे.'

संपादकांनी दोनदा वाचलं.

"हे खरं. हे कुणीतरी ऐकलंय." त्यांनी कार्ड उलटलं. मागची बाजू कोरी. "साक्षीदार?"

तेवढ्यात बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. कार्ड घेऊनच त्या परत आल्या.

"काय गं, बांधलंस का बोचकं?" पलीकडून धाकटी. "उशी मात्र तुझी तू आण. माझ्या उशा म्हणजे नुसते दगड."

बाईंनी कार्ड पालथं केलं. मागे स्वतःचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्याकडे पाहत राहिल्या.

"ताई? आहेस ना?"

"फोन चांगल्या कानाला लाव."

"चांगल्याच कानाला आहे. बोल की."

"त्या दुपारी मी बाजारात नव्हते. तुझ्यामागून तो येईल म्हणून भ्याले. कडीवर हात ठेवून आतच उभी होते गं... तू 'असू दे' म्हणालीस, तेही ऐकलं."