चार नंबरची नोंद

"ताई, चार नंबरच्या मशीनचं गार्ड निसटतंय, हात जाईल कुणाचा तरी. लिहून घ्या," बारकू मार्चमध्ये म्हणाला, आणि मी लगेच कॉम्प्युटरवर नोंद केली. मे महिन्यात त्याच मशीनमध्ये त्याची तीन बोटं गेली. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरसाहेबांनी नवा प्रोग्राम आणला. "सगळ्या नोंदी यात घ्या. जुन्या फ्लॉप्या पुसून टाका."

रविवारी सामरवरणीच्या रिकाम्या कारखान्यात बसून मी सगळ्या नोंदी हलवल्या. एकही गाळली नाही. मग सांगितल्याप्रमाणे फ्लॉप्या पुसल्या.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही नोंद तर अपघातानंतरची आहे."

नव्या प्रोग्रामने सगळ्याच नोंदींवर त्या रविवारची तारीख टाकली होती. मी ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मॅनेजरसाहेब पंख्याकडे बघत होते.

बँडेजचा हात छातीशी धरून बारकूने विचारलं, "म्हणजे ताई, मी सांगितलं तेव्हा तुम्ही लिहिलंच नव्हतं?"