मैदानाकडे पाठ

मुरबाडच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलची फायनल चालली होती आणि कुणाली मैदानाकडे पाठ करून उभी होती. अंगात खाकी वर्दी, हातात काठी. बक्षीस द्यायला मंत्री येणार म्हणून बंदोबस्त लागला होता. तोंड लोकांकडे ठेवायचं, असा साहेबांचा हुकूम.

दोन वर्षांपूर्वी ती यातल्याच एका संघात, आपल्या गावच्या टोकावड्याच्या संघात, मिडफिल्डला खेळायची. राज्याच्या संघातून खेळली म्हणून खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागली. टोकावड्यात मिरवणूक निघाली होती तिची. यंदा गावच्या संघाने परत बोलावलं तेव्हा तिने सुट्टी मागितली. साहेब हसले. "खेळलीस म्हणून नोकरी लागली. आता नोकरी कर."

तिच्या जागेवर आज तिची धाकटी बहीण खेळत होती, दिपाली.

दोरीपलीकडे, गर्दीत अगदी समोर, त्यांची आई उभी होती. कुणालीला सामना दिसत नव्हता, आईचा चेहरा दिसत होता. आई पुढे झुकली की चेंडू दिपालीकडे आला. आईने ओठ चावला की गेला.

"बॉल धरूनच ठेवते गो ती," आई म्हणाली.

"अंगावर किती जणी येतात?"

"दोघी."

"मग डावीकडं कुणीतरी मोकळी असंल. बघ."

आईने टाचा उंचावल्या. "हाय ना. एकटीच उभी हाय."

कुणालीने मान वळवली नाही. मंडपातून साहेब बघत होते. समोरच्या गर्दीकडे बघतच ती ओरडली, "दिपा, डावीकडं!"

पुढच्या रांगेतली माणसं दचकली, मग हसली. "मॅडम, आमी कुठं जाऊ डावीकडं?"

तेवढ्यात तिच्या पोटरीवर काहीतरी आदळलं. ती वळली. चेंडू तिच्या बुटाला टेकून थांबला होता.

गर्दीत टोकावड्याची माणसं होती. त्यांनी एकच गिल्ला केला. "मार गो कुणे, मार!" तिचा उजवा पाय आपोआप मागे गेला. मंडपात साहेब खुर्चीतून उठले.

पाय खाली आला. तिने काठी काखेत धरली, वाकून दोन्ही हातांनी चेंडू उचलला आणि धावत आलेल्या दिपालीपुढे धरला.

दिपालीला धाप लागली होती. "ताई, हातानं?"

"जा, खेळ."

कुणाली पुन्हा गर्दीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागे शिट्टी वाजली, पावलं धपधपत लांब गेली. मग एकाएकी समोरची सगळी माणसं उड्या मारू लागली. गोल झाला होता. कुणी मारला, ते तिने विचारलं नाही.

आईने टाळी वाजवली नाही. ती कुणालीच्या काळ्या, पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत होती.