एकशे बावन्न इंच, तीन सूत
गंगापूर धरणावरच्या बोटीचा ट्रेलर वर्षात दुसऱ्यांदा अण्णांच्या गॅरेजात आला होता. टायर पुन्हा एकाच बाजूनं झिजले होते. नवे कमानपाटे बसवून झाले, आता ट्रेलरच्या पुढच्या हुकापासून दोन्ही चाकांपर्यंतचं अंतर सारखं करून एक्सल सरळ करायचा होता. मी पुढं हुकाशी टेपचं टोक धरलं, अण्णा मागं चाकापाशी आकडा वाचत होते. “डावीकडं एकशे बावन्न इंच, तीन सूत.” “सोमवारी पुण्याला जॉइन व्हायचंय, अण्णा. तुम्हाला एकट्याला जमेल ना?” “तू जन्मायच्या आधी कोण करत होतं? जा पोरी, बिनधास्त. उजवीकडंपण तेवढंच. कस नट.” टोक हुकाला अडकवून मी पान्हा घेऊन मागं गेले. टेपला पीळ पडला होता. आकडे जमिनीकडं होते आणि अण्णा कोऱ्या बाजूवर अंगठा दाबून बसले होते. “तुम्ही टोक धरा, आकडा मी वाचते.” अण्णा उठले नाहीत. “सोमवारी कोण वाचणार?”